सव्वाआठशे किलोमीटर आणि शेजारी एस.टी.चा ड्रायव्हर

सांगायची लाज वाटते, पण या सहलीचं मूळ एका भांडणात आहे. जुलैत सिंहगड रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने कट मारला, माझ्या आरशाला घासून गेला, आणि पुढच्या सिग्नलला मी दार उघडून चक्क खाली उतरले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मागे बसलेल्या तेरा वर्षांच्या लेकीला मात्र शब्दन्‌ शब्द आठवत होता. रविवारी आजोबा आले तेव्हा तिने सगळा प्रवेश हातवाऱ्यांसह करून दाखवला.

आबा हसले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "मला एकदा आंबोलीचा घाट दाखव. गाडी तू चालवायचीस."

आबा म्हणजे माझे वडील. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली; आबा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटे. १९७७ ते २००८ त्यांनी एस.टी. चालवली, त्यातली बरीच वर्षं गडहिंग्लज डेपोतून. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. आईला गाडी लागते, त्यामुळे ती आली नाही. लेकीची परीक्षा होती. स्वातंत्र्यदिनाला जोडून सोमवारची रजा टाकली आणि आम्ही दोघंच निघालो.

दिवस पहिला, गुरुवार: पुणे ते कोल्हापूर

पहाटे पावणेसहाला निघालो. आबांनी बसल्या बसल्या खिशातून साखर कारखान्याची छोटी डायरी काढली, मीटरचा आकडा लिहिला आणि त्याखाली एक रकाना आखला. वर लिहिलं, 'हॉर्न'.

"हे काय?"

"लॉगशीट. तू किती वेळा वाजवतीस ते बघतो. घाटातल्या वळणावरचे धरणार न्हाई."

मी म्हटलं, इतकेही वाजवत नाही मी. कात्रजचा बोगदा संपेस्तोवर नऊ रेघा झाल्या होत्या.

२०१५ मध्ये आपल्या सरकारने ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली. तरी बाहेरच्या पासिंगच्या ट्रकांवर ते अजून दिसतं, आणि ते वाचून माझा अंगठा आपोआप दाबला जातो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खंबाटकीच्या अलीकडे आरशात एक पांढरी एसयूव्ही उगवली. काळ्या काचा, सतत डिपर, आणि इतकी चिकटून की तिची नंबरप्लेट मला दिसेना. डावीकडे ट्रकांची रांग होती, जाणार कुठे? माझे हात स्टिअरिंगवर आवळले. मनात आलं, जरा ब्रेकला पाय लावावा, मागचे लाल दिवे दिसले की बसेल त्याला धक्का.

टक्‌. आबांनी अंगठीने डॅशबोर्डवर एक टोला दिला.

एस.टी.त वाढलेल्या पोरांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी ब्रेकवर गेलेला पाय मागे घेतला. वेग आहे तोच ठेवला, डावा इंडिकेटर दिला. ट्रकांच्या रांगेत फट आली तशी टक्‌टक्‌ झाली, मी आत शिरले आणि एसयूव्ही हॉर्नची लांब शेपूट सोडत निघून गेली.

"त्याला जुलाब लागलेत," आबा म्हणाले.

"काय?"

"मी सगळ्यांना एकेक रोग देतो. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची बायको बाळंत हुतीया, कुणाचा सासरा गाडीत बसलाय. एकतीस वर्षं दिले. जुलाबवाल्याला कोण आडवं जातंय?"

घाट चढून सुरूरच्या पुढे चहाला थांबलो, तर तीच एसयूव्ही हॉटेलच्या दारात उभी. साहेब बोनेटला टेकून निवांत वडापाव खात होते. आबा मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले, पावसाबद्दल बोलले, कुठं निघालात विचारलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"त्याला कुठंच जायचं न्हाई," म्हणाले. "पाहुण्याच्यात दुपारी जेवायला जायचंय. सातारला."

चहा पिता पिता मी मोबाइलवर हिशोब केला. शंभर किलोमीटर ताशी ६० ने गेलं तर शंभर मिनिटं लागतात, ७० ने गेलं तर शह्याऐंशी. सत्तरचे ऐंशी केले तर आणखी जेमतेम अकरा मिनिटं वाचतात, आणि तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. एक चहा आणि एक वडापाव एवढीच ती कमाई. हा हिशोब शाळेतच यायला हवा होता. मला तो पंचेचाळिसाव्या वर्षी, समोर पुरावा चावताना बघून आला.

साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळवलेले रस्ते आहेत, आणि दर वळवलेल्या रस्त्यावर दोन रांगांच्या पाच रांगा होतात. या वाटेने जाणार असाल तर वेळेत दीड तास जास्तीचा धरूनच निघा. आपण उशिरा निघालेलो असलो की समोरचा प्रत्येक जण वैरी दिसतो. दर दोन तासांनी थांबा, पोटात काहीतरी टाका. माझ्या निम्म्या संतापाचं कारण रिकामं पोट आणि भरलेलं मूत्राशय असतं, हे मी पाच दिवस तपासून लिहिते आहे. आणखी एक, कोंडीत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. तेवढी जागा राखली की पुढचा मागे घरंगळला तरी आपण सुटतो, आणि मधेच कुणी घुसला तर घुसू द्यायलाही जागा असते. घुसणारा तसाही घुसतोच.

कऱ्हाडच्या पुढे उसाच्या रिकाम्या गाड्या लावलेला ट्रॅक्टर उलट्या दिशेने समोरून आला. ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, उलट त्याने मलाच हात दाखवून बाजूला व्हायला सांगितलं. आबांनी त्याला 'घरची म्हैस सुटलीय' हा रोग दिला.

संध्याकाळी रंकाळ्यावर गार वारा होता. गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यायलो. म्हैस तिथेच उभी, पेल्याला फेस. आबांनी दिव्याखाली डायरी उघडली. हॉर्न ५८.

दिवस दुसरा, शुक्रवार: कोल्हापूर, आजरा, आंबोली

सकाळी मिसळ खाल्ली. आबांनी कट दोनदा मागून घेतला, मी एकदाही नाही. बाहेर पडलो तर प्रभातफेऱ्या निघालेल्या. पांढऱ्या कपड्यांतली पोरं झेंडे घेऊन रस्ता अडवून चाललेली, आणि एकाही गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नाही. म्हणजे येतं आपल्याला.

निपाणीत थोडा वेळ कर्नाटकात शिरून उत्तूरमार्गे आजऱ्याला आलो. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. बारीक, वासाचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. दुकानदाराने मूठभर तांदूळ तळहातावर चोळून नाकाशी धरायला लावला. जुना असेल तर भात मोकळा होतो, नवा घेऊ नका, असं सांगून स्वतःच्याच दुकानातला नवा माल त्याने मागे सारला. असं दुकान मला पुण्यात सापडलेलं नाही.

आजऱ्याच्या पुढे झाडी दाट झाली आणि चारच्या सुमाराला धुकं उतरलं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो कसा पडत असेल याचा अंदाज तिथल्या धुक्यात येतो. वीस पावलांपुढचं काही दिसेना. समोरून दोन दिवे आले. एस.टी. होती. तिने दोनदा डिपर दिला. मी दिला परत, दोनदा. तिने पुन्हा दिला. मी म्हटलं, "काय माज आहे बघा यांचा, आंधळं करायला निघालेत!" आणि अप्पर टाकून तसाच ठेवणार, तेवढ्यात टक्‌.

"निळा दिवा बघ."

डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याखाली, छोटा निळा दिवा जळत होता. माझाच अप्पर मघापासून चालू होता. धुक्यात अप्पर टाकला की उजेड पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून मला दिसत नव्हतं. आणि समोरच्या ड्रायव्हरला तर मी नुसता एक पांढरा भिंतीएवढा झोत होते. तो मला शिव्या देत नव्हता, सांगत होता. मी लोअर केला. एस.टी. शेजारून जाताना ड्रायव्हरने हात वर केला.

आबांनी या प्रसंगाला कुठलाही रोग दिला नाही. मीच विचारलं, "मला काय झालं होतं?" ते म्हणाले, "भूक."

धुक्यात लोअर बीम, असतील तर फॉग लॅम्प, आणि डोळे डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, वळताना मागच्याला काही कळत नाही. रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यांत आला तरी नजर त्याच पट्टीवर न्यायची. मागून उजेड मारत असेल तर आतल्या आरशाखाली एक छोटी खिट्टी असते, ती ओढली की आरसा काळवंडतो. माझ्या गाडीत ती सात वर्षं होती, मला माहीत नव्हतं.

मुक्कामाला भाकरी, कुळथाची पिठी आणि अळूचं फदफदं मिळालं. जेवणानंतर यजमानांच्या मुलाने टॉर्च घेऊन मागच्या पाणथळीवर नेलं. पानावर हिरवागार बेडूक बसला होता, बोटांमध्ये नारिंगी पडदे. मलबारचा उडणारा बेडूक. उडतो म्हणजे एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत उतरतो. आमच्या डोळ्यांदेखत तो अर्धा तास जागचा हलला नाही. आबा त्याच्याकडे फार आदराने बघत होते.

हॉर्न ३१, घाटातले वगळून.

दिवस तिसरा, शनिवार: आंबोली, दाणोली, मालवण

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते, पुढे तीच आजऱ्यावरून गडहिंग्लजला जाते. इथल्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडल्याचं जाहीर झालं, तिला नावही हिरण्यकेशीचंच दिलं. आबा म्हणाले, "या नदीच्या कडंनं मी हजार खेपा केल्या, आणि उगम आज बघतोय."

साडेदहाला घाट उतरायला लागलो. सुट्टीचा शनिवार, ऑगस्ट, आंबोलीचा मुख्य धबधबा. चूक आमचीच, सातला उतरायला हवं होतं. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, मक्याची कणसं भाजणाऱ्यांचा धूर, ओल्या कपड्यांतली माणसं रस्त्याच्या मधोमध. एका गाडीच्या टपावर स्पीकर ठेवून सात-आठ पोरं नाचत होती. खालून चढून आलेली एस.टी. मधेच अडकलेली, आणि तिच्या नाकासमोर वरून उतरणारी एक लांबलचक गाडी. दोघांपैकी एकाने मागे घेतल्याशिवाय काही हलणार नव्हतं. गाडीवाल्याने काच खाली करून जाहीर केलं होतं की मी का घेऊ. त्याच्यामागे तिसरे आम्ही.

नियम सरळ आहे. चढावर अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. पण त्या गर्दीत नियम सांगणारे वीस जण होते, तेही सगळे एकाच वेळी ओरडून.

आबांनी छत्री उचलली. "बस तू," म्हणाले आणि उतरले.

काचेतून मला आवाज येत नव्हता, नुसतं दिसत होतं. पंच्याहत्तरीतला म्हातारा, टेरिकॉटची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री मिटलेली. आधी ते नाचणाऱ्या पोरांकडे गेले. दोन मिनिटं उभे राहून त्यांनी नाच बघितला, मान डोलावली, मग काहीतरी बोलले. पोरांनी स्पीकर बंद केला आणि त्यातली चौघं आबांच्या मागे चालायला लागली! त्यांना त्यांनी कडेच्या दुचाकी उचलून आत सरकवायला लावल्या. मग लांब गाडीच्या काचेशी वाकले. तिथला संवाद त्यांनी मला नंतर सांगितला.

"गाडी कितीला पडली हो?"

त्याने आकडा सांगितला.

"लई भारी हाय. एस.टी.चा पत्रा काय, कितीदा घासला तरी आमचे डेपोवाले रंग मारतात. तुमच्या दाराचं मला वाईट वाटतंय. मागं जागा केलीय पोरांनी, मी दाखवतो, घ्या हळूहळू."

मान खाली न घालता मागे घ्यायला त्याला एक वाट मिळाली, त्याने घेतली. आबा छत्रीने इशारे करत उलटे चालत होते: ये, ये, ये, बास. मग माझी गाडी, मग माझ्यामागच्या दोन. शेवटी एस.टी.कडे वळून त्यांनी तिच्या पत्र्यावर छत्रीच्या दांड्याने दोन टोले दिले. टण्‌टण्‌. एस.टी.ने पहिला टाकला आणि उचलली. ड्रायव्हर शेजारी आला तेव्हा त्याने वेग कमी करून विचारलं, "कुठला डेपो, मामा?"

"गडहिंग्लज."

त्याने कपाळाला हात लावला. या सगळ्याला वीस-बावीस मिनिटं लागली असतील. आबा गाडीत बसले तेव्हा ओलेचिंब होते, आणि त्यांचे हात थरथरत होते.

पुढे ते प्रत्येक वळणावर मान वळवून कठड्याकडे बघत राहिले. एकदा मला थांबायला लावलं, उतरून बघितलं, पुन्हा बसले. "हे न्हवं." पायथ्याला दाणोलीत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं.

१९८६ चा ऑगस्ट. संध्याकाळची गाडी, अडतीस माणसं. तेव्हा वडापच्या जीपा एस.टी.च्या पुढे पळून स्टॉपवरची माणसं उचलायच्या, त्यामुळे ड्रायव्हर लोकांचा त्यांच्यावर दात. अशा एका जीपने वर आंबोलीत आबांना कट मारला. "डोकंच फिरलं. म्हटलं, दाखवतो." आणि त्यांनी भरलेली गाडी उतारावर त्या जीपच्या मागे घातली. चार वळणं पाठलाग केला. पाचव्या वळणावर गाडीचा मागचा डावा कोपरा कठड्याला घासला, दोन दगड खाली गेले. दगडांचा आवाज खाली पोचायला वेळ लागला, एवढंच त्यांना नीट आठवतं. आत बायका किंचाळल्या, कुणाच्या तरी मांडीवरचं मूल खाली पडलं. लागलं नाही कुणाला. कंडक्टरने एक घंटा मारली आणि दोरी तशीच ओढून धरली. गाडी थांबल्यावर त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तो काही बोलला नाही. त्या ट्रिपला नाही आणि पुढचे दोन महिनेही नाही. डेपोत पत्रा खरचटल्याची नोंद झाली, अपघात म्हणून नाही. म्हणून बिल्ला राहिला.

"दुसऱ्या दिशी आजऱ्याच्या स्टँडबाहेर तीच जीप. मी गेलो जाब विचारायला. त्यो मला म्हणतो कसा, 'काल तुम्ही माझ्या मागं होता व्हय?'" आबांनी बशीतला चहा संपवला. "त्याला म्हाईतच न्हवतं गं. मी अडतीस माणसं घेऊन शर्यत लावली, आणि त्याला शर्यत हाय हेच म्हाईत न्हवतं."

ते वळण काही त्यांना सापडलं नाही. कठडे नवे झालेत, रस्ता रुंद झालाय.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने एक चक्कर मारली आणि चितारआळीतून लेकीसाठी लाकडी फळांची टोपली घेतली. तीनला मालवणात. श्रावण असल्यामुळे आबांचं मासे-मटण बंद. मी एकटीने सुरमई मागवायची तर जिवावर आलं, म्हणून काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागवले. खरं सांगते, सुरमईची आठवण झाली नाही. वाटप इतकं काळपट भाजलेलं की ताटातला उरलेला रस्सा मी वड्याच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतला.

पावसाळ्यात सिंधुदुर्गाला होड्या जात नाहीत, किल्ला जेट्टीवरूनच बघितला. बाजारपेठेचा रस्ता म्हणजे एक गाडी आणि एक मांजर एवढाच. भाड्याच्या स्कूटरवरची पोरं तीन-तीन सीट उजवीकडून, डावीकडून, शक्य असतं तर वरूनही गेली असती. मी हॉर्नवर हात ठेवला, तेव्हा ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "बाय, वाजवन काय उपेग नाय. घाई कित्याक? समुद्र खंय जाता?"

हॉर्न १४. पण चाललो किती, ऐंशी किलोमीटर.

दिवस चौथा, रविवार: मालवण, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर

कसालहून कणकवलीकडे चौपदरी रस्ता मोकळा होता. एका छोट्या गाडीत चार मुलगे. मी एक ट्रक ओलांडत होते, त्यामुळे त्यांना लगेच साइड दिली नाही. ट्रक ओलांडून डावीकडे आले, ते शेजारी आले. आत बाई दिसली. मग सुरू झालं. पुढे जाऊन अचानक ब्रेक, मी थांबेपर्यंत हळू, मी दुसऱ्या लेनला गेले की तेही त्या लेनला. एकाने खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हातवारे केले.

मी आबांकडे बघितलं. जुलाब, बाळंतपण, काही नाही. त्यांचा चेहरा पूर्ण वेगळा होता.

"काच वर. त्यांच्याकडं बघू नको. अंतर सोड. पंप दिसला की आत."

पुढचे तीन किलोमीटर मी चाळीसने चालवली. पुढची गाडी जिथून गेली त्या किलोमीटरच्या दगडाशी पोचायला आपल्याला निदान तीन सेकंद लागले पाहिजेत, इतकं अंतर. मी पाच-सहा ठेवले. ते हळू झाले की मी आणखी हळू. पंप आला. मी आत शिरले आणि थेट हवा भरणाऱ्या पोरासमोर गाडी लावली. तेही पुढे थांबले, दोनेक मिनिटं रेंगाळले आणि गेले. आम्ही पाव तास तिथेच बसलो. आबांनी पंपावरच्या माणसाला सगळं सांगितलं. त्याने खुर्ची दिली, मला पाणी दिलं.

एकट्याने किंवा बायकांनी प्रवास करताना हे पक्कं ठेवा. दारं लॉक, खाली उतरायचं नाही, घराकडे किंवा मुक्कामाकडे गाडी वळवायची नाही, माणसं आणि कॅमेरे असतील तिथे शिरायचं: पंप, टोलनाका, पोलिस चौकी. शेजारच्याने ११२ लावायचा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ ही आहे. धोकादायक गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्यालाही तुरुंगवास होऊ शकतो. पण ती बाजू मांडायची तर नंबर आणि चित्रण लागतं. माझ्याकडे डॅशकॅम नव्हता, आल्यावर बसवला. इतके दिवस वाटायचं, डोकं शांत ठेवणं म्हणजे सोसणं. त्या पंपावर मात्र मी फक्त त्यांच्या खेळातून निघून गेले होते.

फोंडा घाटात पावसाने झोडपलं. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आबांचं जुनं पालुपद. चढताना त्यांनी ते उगाच पुन्हा म्हणून घेतलं. दाजीपूरच्या जंगलात रस्त्यावर एक गवा उभा होता. एकटाच. आमच्या पुढच्या दोन गाड्या, आम्ही, समोरून एक दुधाची गाडी, सगळे इंजिनं बंद करून थांबले. नऊ मिनिटं. कुणीही डिपर दिला नाही.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी एका पातळीला पोचलं की आपले आपण उघडतात, उतरलं की मिटतात, कुणी चावी फिरवायला लागत नाही. दोन उघडे होते. पुलावरून लांबूनच बघितले. एवढं पांढरं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. आबांना वाऱ्याने शिंका यायला लागल्या म्हणून निघालो.

हॉर्न २६. आबा म्हणाले, "सकाळचे त्या पोरांच्या वेळचे तू वाजवलेच न्हाईस. मग इतके कुठं झाले?" कणकवलीच्या गुरांना, आबा. रस्त्यात बसलेली गुरं.

दिवस पाचवा, सोमवार: कोल्हापूर ते पुणे

परतीला सांगण्यासारखं थोडंच. कासेगावच्या आसपास मागून रुग्णवाहिका आली. मी डावीकडे घेऊन वाट दिली, बहुतेकांनी दिली. तिच्या मागे चिकटून, त्या रिकाम्या वाटेतून, तीन गाड्या सुसाट निघून गेल्या. वाट न देणाऱ्याला २०१९ पासून दहा हजारांपर्यंत दंड आहे; वाटेचा असा फायदा घेणाऱ्यांना कोण पकडतंय. मला खरंच संताप आला, आणि तो कऱ्हाडपर्यंत उतरला नाही. आबांना म्हटलं, आता द्या यांना रोग. त्यांनी बराच विचार केला. "न्हाई," म्हणाले. "ह्यांना काई झालेलं न्हाई."

साताऱ्याच्या पुढे त्यांना झोप लागली. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर. मागे डिपर मारत एक आला, गेला. उजवा इंडिकेटर चालू ठेवलेला एक ट्रक लागला. याचा अर्थ 'ये' की 'नको', यावर महामार्गावर कधीच एकमत होणार नाही. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसेपर्यंत मी त्याच्या मागेच राहिले. तेवढ्या वेळात मागचे तिघे माझ्यावर हॉर्न वाजवून मोकळे झाले.

नवले पुलावर नेहमीची गर्दी. तिथे आबा जागे झाले, डोळे चोळून खिशातून डायरी काढली, पेन उघडलं.

"सातारपासनं किती झाले?"

"अकरा," मी म्हटलं.

तेरा होते.